'फरक पडला' म्हणजे नक्की कशात? चष्मा घालवण्याच्या वादाबद्दल



गेल्या आठवड्यात लॅबमधल्या एम.एस्सी.च्या एका ज्युनियरने डबा खाताना विचारलं, "ताई, डोळ्यांच्या व्यायामाने चष्मा जातो का? माझ्या मामाचा गेला." टेबलावरचे दोघे म्हणाले "जातो", तिघे म्हणाले "काहीतरीच". डबे संपले तरी वाद संपला नाही. सगळे नेट-सेटची तयारी करणारे, पण एकानेही विचारलं नाही की मामांचा चष्मा 'गेला' म्हणजे नक्की काय झालं? कुठला चष्मा, किती नंबरचा, आणि तो गेला हे कोणी आणि कशाने मोजलं?

आजचा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नावर आहे. आधीच सांगते, माझं पीएच.डी. भौतिकशास्त्रातलं, प्रकाशाशी संबंधित आहे. मी डोळ्यांची डॉक्टर नाही. आणि या विषयात मी तटस्थही नाही, त्याचं कारण पुढे येईल.

माझी गोष्ट

सातवीत मला चष्मा लागला, उणे पावणेदोन. आजोबांना ते अजिबात पटलं नाही. "चष्मा म्हणजे डोळ्यांची कुबडी, एकदा लावली की सुटत नाही," असं ते म्हणायचे. त्यांच्याकडे एक जुनं पुस्तक होतं. त्यात पाहून आम्ही रोज सकाळी तळहातांनी डोळे झाकणं, मान हलवत दूरवर बघणं, बुबुळं गोल फिरवणं असं सगळं करायचो. चष्मा कपाटात गेला.

दोन महिन्यांनी मला खरंच फरक जाणवला. एसटी स्टँडवर लांबून येणाऱ्या गाडीची पाटी वाचता यायला लागली. आजोबांनी ते सगळ्या गल्लीला सांगितलं. वर्गात मात्र फळ्यावरचे ३ आणि ८ सारखेच दिसायचे आणि गणितं मी शेजारणीच्या वहीतून उतरवायचे. आठ महिन्यांनी तपासणी झाली तेव्हा नंबर निघाला उणे पावणेतीन.

ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी आपण तिचं परीक्षण करणार आहोत.

बेट्सचा प्रबंध

चष्म्याशिवाय नजर सुधारण्याच्या बहुतेक आधुनिक पद्धतींचं मूळ एका माणसापाशी जातं: न्यूयॉर्कचे नेत्रवैद्य विल्यम होरेशियो बेट्स (१८६०–१९३१). त्यांनी १९२० साली स्वखर्चाने पुस्तक काढलं. पुढे ते 'परफेक्ट साइट विदाउट ग्लासेस' या नावाने प्रसिद्ध झालं. आपल्याकडे ही पद्धत डॉ. आर. एस. अगरवाल यांनी रुजवली. त्यांचं 'माइंड अँड व्हिजन' हे पुस्तक आणि पाँडिचेरीच्या श्री अरविंद आश्रमाशी जोडलेली 'स्कूल फॉर परफेक्ट आयसाइट' अनेकांना माहीत असेल. त्राटकासारख्या जुन्या क्रिया आणि बेट्सचे व्यायाम आता इतके मिसळलेत की कुठलं कुठून आलं हे घरोघरी कोणालाच सांगता येत नाही.

समजा, बेट्सचं पुस्तक प्रबंध म्हणून तुमच्याकडे परीक्षणाला आलं. तर तुम्ही काय लिहाल? "हे अवैज्ञानिक आहे" एवढं लिहून चालणार नाही. त्यात प्रयोग आहेत. बेट्सनी मासे, ससे, मांजरं यांच्या डोळ्यांचे स्नायू कापून, विजेने उत्तेजित करून निरीक्षणं केली आणि असंख्य डोळे रेटिनोस्कोपने तपासले. त्यांचा दावाही स्पष्ट आहे, म्हणून तो तपासता येतो. तो असा: जवळचं बघताना डोळ्यातलं भिंग बदलत नाही. बाहेरचे स्नायू डोळा दाबतात आणि तो लांबतो. बघण्याचा मानसिक ताण आला की हे स्नायू तसेच आवळलेले राहतात आणि नंबर लागतो. ताण गेला की नंबरही जातो.

पद्धतीचा सगळा डोलारा या एका दाव्यावर उभा आहे. म्हणून परीक्षण इथूनच सुरू करायचं.

दावा कुठे मोडतो

गंमत म्हणजे बेट्सच्या शंभरेक वर्षं आधीच हा प्रश्न प्रयोगाने सोडवायचा प्रयत्न झाला होता. १८०१ मध्ये थॉमस यंगने स्वतःच्या डोळ्यावर प्रयोग प्रसिद्ध केले. पाण्यात डोळा धरला की पारपटलाची ताकद जवळजवळ नाहीशी होते. तरीही त्याला जवळ-लांब फोकस बदलता येत होता, म्हणजे हे काम पारपटलाचं नाही. मग त्याने डोळा पुढून-मागून पकडून लांबायला जागाच ठेवली नाही, तरी फोकस बदलला. शेवटी मोतीबिंदूमुळे भिंग काढलेले लोक तपासले. त्यांना फोकस बदलताच येत नव्हता. एकेक शक्यता बाद करत जाणं कसं असतं हे शिकायला हा प्रयोग जरूर वाचा.

दुसरा पुरावा रोजच्या दवाखान्यातला. ॲट्रोपिनचे थेंब घातले की डोळ्याच्या आतला, भिंगाचा आकार बदलणारा स्नायू सैल पडतो. बाहेरचे स्नायू व्यवस्थित चालतात, डोळा चारी बाजूंना फिरतो, पण जवळचं वाचता येत नाही. बेट्स बरोबर असते तर वाचता यायला हवं होतं.

तिसरा पुरावा तुम्ही कागदावर काढू शकता. प्रौढ डोळ्याची लांबी साधारण २४ मिलिमीटर. ती १ मिलिमीटरने वाढली की नंबर साधारण अडीच ते पावणेतीन डायॉप्टरने बदलतो. २५ सेंटिमीटरवरचं पुस्तक वाचायला ४ डायॉप्टर जास्तीची ताकद लागते. म्हणजे बेट्सच्या म्हणण्याप्रमाणे दर वेळी पुस्तक उघडलं की डोळा दीडएक मिलिमीटर लांबायला हवा. आज डोळ्याची लांबी फार बारकाईने मोजता येते. जवळ बघताना होणारा बदल मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या घरातला असतो. भिंग जाड होताना मात्र थेट दिसतं.

आणि निकटदृष्टिता म्हणजे बहुतेक वेळा वाढीच्या वयात गरजेपेक्षा जास्त लांब झालेला डोळा. तो आवळलेला नसतो, वाढलेला असतो. वाढलेली उंची जशी मन शांत केल्याने कमी होत नाही, तसंच हे.

मग लोकांना फरक का जाणवतो?

इथे बहुतेक टीकाकार थांबतात, आणि माझी तक्रार इथेच आहे. यंत्रणा चुकीची ठरली म्हणून परिणाम खोटा ठरत नाही. कारण चुकीचं सांगूनही उपचार लागू पडल्याची उदाहरणं वैद्यकात भरपूर आहेत. आल्डस हक्सली सोळाव्या वर्षी डोळ्यांच्या आजाराने जवळजवळ आंधळा झाला होता. बेट्स पद्धतीने आपली नजर सुधारली असं सांगणारं 'द आर्ट ऑफ सीइंग' हे पुस्तक त्याने १९४२ मध्ये लिहिलं. त्याला किंवा तुमच्या शेजारच्या काकांना खोटारडं ठरवून वाद मिटत नाही. त्यांना काहीतरी जाणवलंय. ते काय आहे हा खरा संशोधनाचा प्रश्न.

१९९८ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग मला फार आवडतो. चांगली नजर असलेल्या लोकांना अधिक १ डायॉप्टरचं भिंग लावून अर्धा तास धूसर बघायला लावलं. अर्ध्या तासाने त्याच भिंगातून त्यांना तक्त्यावरची अक्षरं आधीपेक्षा चांगली वाचता आली. डोळ्याचा नंबर मोजला तर जिथल्या तिथे. बदल झाला होता मेंदूत. धूसर चित्रातून अर्थ काढायला तो शिकला होता.

म्हणजे 'नजर' या एका शब्दाखाली आपण निदान दोन वेगळ्या गोष्टी भरतो. एक, डोळ्याचा नंबर, जो यंत्राने मोजता येतो. दोन, तक्त्यावर किती अक्षरं वाचता आली, ज्यात सराव, अंदाज, डोळे बारीक करणं, तक्ता पाठ होणं, डोळ्यात पाणी येऊन क्षणभर स्पष्ट दिसणं हे सगळं येतं. व्यायामवाले दुसरीचा पुरावा देऊन पहिलीचा दावा करतात. डॉक्टर पहिलीचं मोजमाप दाखवून दुसरीचा अनुभव नाकारतात. दोघेही आपापल्या आकड्यांत बरोबर असू शकतात, म्हणून शंभर वर्षं वाद चालू आहे.

टीकाकारांनाही प्रश्न

"डोळ्यांच्या व्यायामाने काहीच होत नाही" हे वाक्यही चूक आहे. काही मुलांचे डोळे वाचताना पुरेसे आत वळत नाहीत. अक्षरं हलतात, डोकं दुखतं. अशा २२१ मुलांवरच्या चाचणीचा निकाल २००८ मध्ये आला. १२ आठवड्यांनंतर दवाखान्यात देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने ७३ टक्के मुलं सुधारली. नुसतं पेन्सिल नाकाजवळ आणायच्या घरगुती व्यायामाने ३३ टक्के. आणि दवाखान्यातच, तितकाच वेळ, पण मुद्दाम निरुपयोगी रचलेल्या खोट्या व्यायामाने? ३५ टक्के.

हा शेवटचा आकडा वहीत लिहून ठेवा. व्यायामाचा प्लासिबो बनवता येतो, आणि नुसत्या प्लासिबोने एक तृतीयांश मुलं सुधारतात. कंट्रोल ग्रुप नसता तर ३५ टक्क्यांवर कोणीही पुस्तक लिहिलं असतं.

'नैसर्गिक' म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांसाठी दुसरं उदाहरण. चीनमधल्या ग्वांगजौच्या १२ शाळांमध्ये पहिलीच्या मुलांवर चाचणी झाली. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटं जास्त मैदानावर. २०१५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: तीन वर्षांत मैदानाच्या गटात ३०.४ टक्के मुलांना निकटदृष्टिता आली, दुसऱ्या गटात ३९.५ टक्के. औषध नाही, भिंग नाही, फक्त उघड्यावरचा उजेड. पण बघा, हे चष्मा लागू नये यासाठी आहे. लागलेला घालवण्यासाठी नाही. दोन्ही एकच समजण्याची चूक शोधनिबंधांच्या बातम्यांत सतत होते.

आणि आजोबांची 'कुबडी'? मलेशियात ९४ मुलांवर हे तपासलं गेलं (२००२). काहींना पूर्ण नंबरचा, काहींना मुद्दाम पाऊण डायॉप्टर कमी नंबरचा चष्मा दिला. दोन वर्षांत पूर्ण चष्म्याच्या मुलांचा नंबर ०.७७ ने वाढला, कमी नंबरवाल्यांचा १.०० ने. नंतरच्या सगळ्या अभ्यासांचे निकाल एकाच दिशेचे नाहीत, त्यामुळे "चष्मा न लावल्याने नंबर वाढतोच" असंही मी म्हणणार नाही. पण चष्म्यामुळे डोळा आळशी होऊन नंबर वाढतो, या समजुतीला इथे आधार मिळत नाही.

एका बाबतीत मात्र थेट सांगते. बेट्सच्या काही शिकवणींत डोळ्यांवर ऊन घेणं आहे. सूर्याकडे बघू नका. दृष्टिपटल भाजतं तेव्हा दुखत नाही, म्हणून कळतही नाही.

माझ्या गोष्टीचं परीक्षण

आता माझ्या पावणेतीनकडे या. व्यायामाने माझा नंबर वाढला का? मोह होतो तसं म्हणायचा. पण त्या वयात वर्षाला अर्धा ते एक डायॉप्टर नंबर वाढणं नेहमीचं आहे. चष्मा लावून बसले असते तरी कदाचित तेवढाच वाढला असता. मी एकटी, तुलनेला दुसरी मी नाही. त्यामुळे आजोबांवर आरोप ठेवायला माझ्याकडे पुरावा नाही. आणि एसटीची पाटी? ती संध्याकाळची कोल्हापूर गाडी होती. रोज त्याच वेळी यायची. मी पाटी वाचत नव्हते, ओळखत होते. फळ्यावरचं गणित रोज नवं असायचं, तिथे ओळख कामाला आली नाही. नुकसान झालं ते तिथे: आठ महिन्यांचं गणित. ते व्यायामाने झालं नाही, चष्मा कपाटात ठेवल्याने झालं. आजोबांचा हेतू चांगला होता. आम्ही दोघांनी मोजायला चुकीची गोष्ट निवडली.

म्हणून तुमच्या विषयाचा आराखडा लिहाल, तेव्हा पहिल्या पानावर तीन प्रश्नांची उत्तरं द्या. मी नक्की काय मोजतोय? ते सराव किंवा ओळख यामुळे आपोआप बदलू शकतं का? आणि काहीच केलं नसतं तर काय झालं असतं? बेट्सनी हजारो रोगी तपासले, पण तिसऱ्या प्रश्नासाठी गट ठेवला नाही. रोग्यांची संख्या वाढवून ती उणीव भरून निघत नाही.

राहिले मामा. मी ज्युनियरला हेच विचारायला लावलं. मामा ५८ वर्षांचे. सुटलेला चष्मा वाचायचा, म्हणजे चाळिशीचा. लांबचं हल्ली जरा धूसर दिसतं म्हणाले. नंबर कोणी मोजलेला नाही. या वयात वाचायचा चष्मा अचानक सुटण्याची एक ठरलेली शक्यता असते: मोतीबिंदूच्या सुरुवातीला भिंग घट्ट होऊन डोळा निकटदृष्टीकडे झुकतो. रक्तातली साखर वरखाली झाली तरी नंबर हलतो. व्यायामाचं यश म्हणून घरभर सांगितलेली गोष्ट हे आजाराचं लक्षण असू शकतं. असेलच असं नाही, म्हणून तर तपासायचं. ज्युनियरने मामांना तसं कळवलंय. परवापर्यंत ते गेले नव्हते. तिला मी रोज आठवण करतेय.