‘महायुद्धातली मशीनगन’ : एका मथळ्याची उलटतपासणी

समजा, उद्या मोठागाव ठाकुर्लीच्या खाडीत रेती उपसताना गाळाने माखलेली एक गंजकी, लांबट वस्तू वर आली. एक नळी आहे, मागे पेटीसारखा भाग आहे, वरच्या बाजूला मॅगझिन बसेल अशी खाच आहे. संध्याकाळपर्यंत फोटो डोंबिवली-कल्याणभर फिरेल आणि खाली लिहिलेलं असेल : ‘खाडीत सापडली दुसऱ्या महायुद्धातली मशीनगन, १९४४ च्या गोदी स्फोटाशी संबंध’.

प्रसंग काल्पनिक आहे, पण अशा थाटाचे मथळे तुम्ही वाचलेले आहेत. आज या मथळ्याची चिकित्सा करू या. कारण साधं आहे : जी चूक इथे आहे, तीच चूक प्रपोजल लिहिणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या लिखाणात असते. माझ्याही होती, ती पुढे सांगते.

या एका ओळीत तीन वेगळे दावे आहेत. ही अमुक वस्तू आहे, ती अमुक काळातली आहे आणि तिचा अमुक घटनेशी संबंध आहे. प्रत्येक दाव्याला स्वतंत्र पुरावा लागतो. मथळा मात्र पहिल्या दाव्याच्या खांद्यावर बसून तिसऱ्यापर्यंत पोचतो.

पहिला दावा : वस्तू कोणती?

वरून मॅगझिन बसतं म्हटलं की इंटरनेटवर पहिलं उत्तर मिळतं ‘ब्रेन गन’. हे उत्तर ब्रिटिश सैन्यापुरतं बरंचसं चालेल. पण भारतीय सैन्याने १९३३ मध्ये विकर्स-बर्थिए ही वेगळी लाइट मशीनगन स्वीकारली होती आणि ती बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनत होती. दोन्हींचं काडतूस ‘थ्री नॉट थ्री’, दोन्हींना तीस गोळ्यांचं वाकडं मॅगझिन वरून बसतं, दोन्हींना पुढे दोन पाय. लाकडी दस्ता कुजला, मॅगझिन हरवलं, वर गंजाचा थर चढला, की दोघी बहिणी-बहिणी दिसतात.

पहिल्या वर्षाच्या प्रेझेंटेशनमध्ये भारतीय जवानांच्या एका जुन्या फोटोखाली मी बिनधास्त ‘ब्रेन’ असं कॅप्शन दिलं होतं. सरांनी एवढंच विचारलं, “ब्रेनच कशावरून?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी हँडबुकमधलं चित्र पाहिलं होतं, पण दुसरी शक्यता काय आहे हे शोधलंच नव्हतं. ती विकर्स-बर्थिए निघाली.

इथे एक बारकावा लक्षात घ्या. ब्रेनच्या पहिल्या मार्कला मागच्या साइटसाठी डाव्या बाजूला एक गोल चकती असते. ती दिसली तर ब्रेनच्या बाजूने चांगला पुरावा आहे. ती नसली तर? काहीच सिद्ध होत नाही, कारण दुसऱ्या मार्कला ती चकती नाही आणि गंजलेल्या वस्तूवरून ती गळूनही पडलेली असू शकते. खूण सापडणं आणि खूण न सापडणं यांचं वजन सारखं नसतं. नळी बाहेरून मोजूनही उपयोग नाही, गंजाने ती फुगलेली असते. आतला व्यास (इथे साधारण ७.७ मिलिमीटर) आणि आतले भाग पाहायला एक्स-रे लागतो. चेंबरमध्ये जिवंत काडतूस अडकलेलं आहे का, हेही त्यातच कळतं.

दुसरा दावा : काळ कोणता?

विकर्सची पाण्याने थंड होणारी मशीनगन ब्रिटिश सैन्यात १९१२ ते १९६८ अशी टिकली. ब्रेन भारतीय सैन्यात स्वातंत्र्यानंतरही अनेक वर्षं होती. म्हणजे बंदुकीचा प्रकार ओळखला तरी ‘महायुद्धातली’ हे सिद्ध होत नाही.

मग बंदुकीवर कोरलेलं साल? ते कारखान्यातून बाहेर पडल्याचं साल आहे, पाण्यात पडल्याचं नाही. गोव्याचं मुरगाव बंदर घ्या. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्सच्या लोकांनी तिथे ‘एहरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर छापा घातला, आणि खलाशांनी आपली जहाजं स्वतःच बुडवली. त्याच परिसरात डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय नौदलाशी झालेल्या चकमकीनंतर ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ हे पोर्तुगीज जहाज किनाऱ्याला लागलं. आता या पाण्यात १९४२ सालची ब्रेन सापडली, तर ती कोणत्या लढाईतली? साल दोन्हींशी जुळतं.

काडतुसाचं बूड जास्त उपयोगी पडू शकतं. पितळ लोखंडापेक्षा बरं टिकतं आणि बुडावर कारखान्याची खूण नि साल असतं. आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची खूण ‘के एफ’. पण तेही इतकंच सांगतं की त्या सालाच्या आधी हे काडतूस पाण्यात पडलेलं नाही. नंतर कधीही पडलेलं असू शकतं.

तिसरा दावा : घटना कोणती?

१४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचे स्फोट झाले. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, कापूस होता, सोन्याच्या विटाही होत्या. गोदीच्या गाळात सोन्याची वीट मिळाली तर या जहाजाशी जोडणं रास्त आहे, कारण तसा माल दुर्मीळ आणि त्याची नोंद आहे. मशीनगन हजारोंनी बनत होत्या. शिवाय ठाकुर्ली गोदीपासून रेल्वेने पन्नास किलोमीटरच्या आसपास.

मग कोणी म्हणेल, जवळच कल्याण कॅम्प होता, म्हणजे आजचं उल्हासनगर. नेवाळीची युद्धकाळातली धावपट्टी होती. बरोबर, शक्यता वाढली. पण जवळपणा म्हणजे पुरावा नव्हे. चोरीचा माल, भंगार, नंतर कधीतरी कोणी घाबरून फेकलेलं हत्यार, याही शक्यता उरतातच.

घटनेपर्यंत पोचायचं कसं, याचा चांगला नमुना स्कॉटलंडमध्ये आहे. लॉक नेस सरोवरातून १९८५ मध्ये वेलिंग्टन बॉम्बर वर काढलं. त्याचा क्रमांक एन २९८० मिळाला आणि नोंदींत त्याच क्रमांकाचं विमान ३१ डिसेंबर १९४० ला तिथे उतरवावं लागल्याचं होतं. वस्तू, क्रमांक, नोंद, घटना. मधली एकही कडी गाळलेली नाही.

आणि हे सगळं पुसून कसं जातं

खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड लोखंडात मुरलेलं असतं. वस्तू उघड्यावर वाळली की गंज वेगाने वाढतो, पापुद्रे सुटतात आणि कोरलेला क्रमांक त्यांच्यासोबत जातो. मथळ्याच्या घाईत कोणीतरी तारेचा ब्रश फिरवतो, तेव्हा तिसऱ्या दाव्याचा एकमेव संभाव्य पुरावा तो घासून टाकत असतो. म्हणून असं काही दिसलं तर हात लावू नका, पोलिसांना कळवा. स्वयंचलित बंदूक १९५९ च्या शस्त्र अधिनियमात प्रतिबंधित शस्त्र आहे, आणि ती भरलेली आहे की नाही हे तुम्हाला बाहेरून कळत नाही.

मी त्या फोटोखाली असं लिहीन : ‘खाडीतील रेती उपशात मिळालेली, वरून मॅगझिन बसणारी बंदूक. ब्रेन किंवा विकर्स-बर्थिए असण्याची शक्यता. पाण्यात पडल्याचा काळ अनिश्चित.’ कोणी फॉरवर्ड करणार नाही हे मान्य. पण व्हायव्हात यातल्या प्रत्येक शब्दाला “कशावरून?” विचारलं तर माझ्याकडे उत्तर असेल.

आता तुमच्या प्रपोजलमधलं सगळ्यात आवडतं वाक्य काढा आणि त्यात किती दावे आहेत ते मोजा.