तिसऱ्या फेरीतली किक

यवतमाळ, पुसद, वणी, कुठल्याही मोठ्या मैदानावर पहाटे गेलं की दोन घोळके दिसतात. एक पोलीस भरतीवाल्यांचा. मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर वेळेत काढायचे असतात, म्हणून अंधारातच त्यांच्या फेऱ्या सुरू होतात. दुसरा कराटे-तायक्वांदोच्या पोरांचा: पांढरा गणवेश, सरळ रांगा आणि सरांच्या आकड्यावर किक. पहिल्या घोळक्याकडे दम आहे, दुसऱ्याकडे किक. दोन्ही एकाच पोरात क्वचित सापडतात, आणि जिल्ह्यातल्या या कलेचं खरं दुखणं मला तिथेच दिसतं.

किकचा आकार आपल्याकडे बरा शिकवला जातो. गुडघा वर, पायाचा फटका, पाय परत, हे आठ वर्षांचं पोरही करून दाखवतं. राहतो तो जमिनीवरचा पाय. कराटेतली मावाशी गेरी असो की तायक्वांदोतली डोल्यो चागी, म्हणजे बाजूने फिरवलेली किक, फटक्याचा जोर कमरेतून येतो, आणि कंबर उघडायची तर टेकलेल्या पायाची टाच लक्ष्याकडे वळावी लागते. शाळेच्या सिमेंटच्या अंगणात किंवा खडबडीत मैदानावर अनवाणी पाऊल असं फिरत नाही, सोलवटतं. मग पोरगं पाऊल न फिरवताच किक मारायला शिकतं. वळण्याचा सगळा ताण टेकलेल्या गुडघ्यावर येतो आणि फटक्यात फक्त मांडीचं बळ उरतं. पुढे विभागीय स्पर्धेत अमरावतीला किंवा अकोल्याला मॅट मिळते, पण तोवर सवय हाडात मुरलेली असते. तालुक्याच्या क्लासला दहा-बारा चांगल्या मॅट मिळाल्या, तर नव्या ट्रॅकसूटपेक्षा त्या जास्त उपयोगी पडतील.

दमाचं म्हणाल तर बहुतेक क्लासमध्ये त्याचा अर्थ सुरुवातीला मैदानाला पाच फेऱ्या एवढाच असतो. धावणं वाईट नाही. दोन चकमकींच्या मधल्या क्षणांत श्वास सावरतो तो धावण्याच्याच जोरावर. पण लढत एका लयीत चालत नाही. तायक्वांदोत दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती. त्या दोन मिनिटांत पाय सतत नाचतात, मध्येच दोन-तीन सेकंदांचा स्फोट, पुन्हा नाचणं. अलीकडच्या नियमांनुसार तीनपैकी दोन फेऱ्या जिंकेल तो विजयी. म्हणजे बरोबरी झाली तर तिसरी फेरी शून्यापासून सुरू होते, आणि तिथे आधीची आघाडी कामाला येत नाही. दमलेल्या पोराचा गुडघा तेव्हा वर येत नाही, हात खाली पडतात, डोक्याकडे निघालेली तीन गुणांची किक खांद्यावर थांबते. सरावात त्याने दमलेल्या अंगाने किक कधी मारलेलीच नसते.

खरं तर ही गोष्ट आपल्या मातीला नवी नाही. तालमीत पैलवान दंड-बैठका काढतो, पण त्याला कुस्तीचा दम येतो तो समोरच्याशी झुंजताना. तिथे दम आणि डाव वेगळे शिकवत नाहीत. लाथेच्या बाबतीत तर आपलं घरचं उदाहरण कबड्डीचं. चढाईपटू एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत तीस सेकंद घुसतो, बोनस रेषेपर्यंत जातो आणि छाती रिकामी होत आलेली असताना मागे लाथ फेकतो. श्वास संपत असताना पाय अचूक कसा टाकायचा, याचं इतकं कठोर शिक्षण दुसऱ्या कुठल्या खेळात मला तरी दिसत नाही. 1914 साली अमरावतीत उभ्या राहिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. आजही यवतमाळच्या शाळांतले कितीतरी शारीरिक शिक्षक तिथूनच शिकून येतात. हे ज्ञान दारात असताना कराटेचा क्लास आणि कबड्डीचा संघ एकाच मैदानावर एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

बाकी गुंता ठाऊक आहेच: झटपट पट्टे, दहावी-बारावीचे क्रीडा गुण, नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण, एकाच खेळाच्या अनेक संघटना. मुलींसाठी समग्र शिक्षातून तीन महिन्यांचं राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण येतं. ते हवंच. पण 26 जानेवारीला कौलं फोडून दाखवण्यात त्यातले किती तास जातात, हे शाळांनी बघायला हवं. कौल उलट मारत नाही.

ऊन हा मात्र वेगळा विषय. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि नेमकी तेव्हाच उन्हाळी शिबिरं भरतात. शरीर उष्णतेला सरावायला एक-दोन आठवडे घेतं. पहिल्याच दिवशी पूर्ण भार देणं आणि सराव संपेपर्यंत पाणी नाही असं म्हणणं धोक्याचं आहे. त्याने दम वाढत नाही.

करण्यासारखं फार महाग नाही. आठवड्यातून तीन दिवस दोन मिनिटांच्या फेऱ्या घ्या: दहा सेकंद पॅडवर पूर्ण जोराच्या किक, वीस सेकंद हलकी पावलं, असं चार वेळा. मग एक मिनिट थांबा आणि पुन्हा. अशा तीन फेऱ्या. पहिल्या फेरीतल्या पहिल्या पाच आणि तिसरीतल्या शेवटच्या पाच किक मोबाईलवर टिपा आणि पोरांना शेजारी-शेजारी दाखवा. टाच वळली का, गुडघा किती उंच आला, पाय परत आला की नुसता पडला, हे त्यांना स्वतःलाच दिसेल. पट्ट्याची परीक्षाही सकाळच्या ताज्या अंगाने घेऊ नका. आधी तीन फेऱ्या लढवा, मग किक मागा. काहींचा पट्टा त्यामुळे चार-सहा महिने लांबेल, आणि आईवडील विचारायला येतील. सरांनी त्यांना तो मोबाईल दाखवावा.