कमलाचा हिशेब

विजय तेंडुलकरांच्या 'कमला'वर बोलणं निघालं की ते बहुधा त्यातल्या पत्रकार जयसिंग जाधवपाशीच घोटाळतं. 1981 साली 'इंडियन एक्स्प्रेस'चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी 2,300 रुपयांना एक बाई विकत घेतली आणि देशात बायकांची विक्री चालते हे दाखवून दिलं. त्या बातमीतून हे नाटक उभं राहिलं. तेव्हा पत्रकार, त्याची महत्त्वाकांक्षा, सनसनाटीचा हव्यास यांवर चर्चा होणारच. मला मात्र हे नाटक पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं ते कमलासाठी. ती रंगमंचावर थोडाच वेळ असते. तेवढ्यात तिचं जे शांत, ठाम वागणं दिसतं, त्याचा उलगडा नीट झालेला नाही असं मला वाटतं. कोणी तिला भाबडी म्हणून सोडून देतं, कोणी बिचारी म्हणून. ती दोन्ही नाही.

नाटकात जयसिंग तिला तेव्हाच्या बिहारमधल्या लोहरदग्याच्या बाजारातून 250 रुपयांना घेऊन दिल्लीच्या आपल्या बंगल्यात आणतो. तिथे ती आणि जयसिंगची बायको सरिता, दोघीच बोलत असताना, कमला विचारते की मालकानं तुला कितीला घेतलं. प्रेक्षागृहात इथे हशा येतो. पण नटीनं हे वाक्य विनोदाच्या अंगानं टाकलं तर सगळं हातचं गेलं. कमला चौकशी करते आहे. नव्या घरात आलेल्या माणसाला आपली जागा कुठली हे कळायला हवं आणि तिच्या जगात ती जागा कळायचा एकच मार्ग आहे. सरिता क्षणभर गोंधळते आणि सातशे सांगते. कमलाला ते महाग वाटतं, त्यातून हिला मूलबाळही नाही! मग ती तोडगा काढते. घरचं राबणं मी करीन. तू शिकलेली, तू हिशेब ठेव, मालकाबरोबर बाहेर जा. आणि महिन्यातले पंधरा दिवस तुझे, पंधरा माझे.

या तोडग्यात तक्रारीला जागाच नाही, हे बारकाईनं पाहण्यासारखं आहे. आपण विकले का गेलो, हा प्रश्न ती घेतच नाही. तो तिच्या हातातला नाही. हातात आहे ते एवढंच: या छपराखाली कामं कशी वाटायची, दोघींनी भांडणाशिवाय कसं राहायचं. तेवढ्याच भागावर ती सगळी बुद्धी लावते, आणि ती बुद्धी तल्लख आहे.

जे आपल्या हाती आहे ते आणि जे नाही ते वेगळं करा, ही शिकवण स्टोइक पंथाची. ती ठासून मांडणारा एपिक्टेटस स्वतः रोमच्या साम्राज्यातला गुलाम होता. पुढे तो मुक्त झाला, ग्रीसमधल्या निकोपोलिसला त्यानं शाळा काढली. म्हणजे गुलामाला जगण्यासाठी जी युक्ती लागते, तिचंच पुढे तत्त्वज्ञान झालं आणि मार्कस ऑरेलियससारख्या सम्राटानंही ते आपलंसं केलं. सम्राटाच्या तोंडी ते शोभून दिसतं. कमलाच्या तोंडून तेच ऐकलं की आपण अस्वस्थ होतो, कारण तिनं सोडून दिलेला प्रश्न आपल्या अंगावर येतो.

हे नाटक वाचताना मला आमच्या मोर्शीकडचा सालगडी आठवतो. पाडव्याला साल ठरतं. ओट्यावर शेतकरी आणि मध्यस्थ बोलत असतात: रोख किती, ज्वारी किती, उचल किती. ज्याचं वर्ष ठरतंय तो खाली बसून काडीनं मातीत रेघा ओढत असतो. बोलणं पक्कं झालं की "चालते बाप्पा" म्हणतो आणि उठतो. साल म्हणजे गुलामी नव्हे. वर्ष संपलं की तो दुसरा मालक पाहू शकतो, आणि 1976च्या कायद्यानं वेठबिगारी तर गुन्हाच ठरवली. पण आपला आकडा दुसऱ्यांच्या तोंडून ऐकताना चेहरा कसा ठेवायचा, हे त्याला येतं. त्या चेहऱ्याला आपण समाधानी म्हणतो. ते म्हणणं आपल्या सोयीचं असतं.

आमच्या वऱ्हाडात सोसणारी बाई म्हटलं की उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली (1960) कौतिक डोळ्यांपुढे येते. पण कौतिक झगडते, बोलते, नवऱ्याला सुनावते. घर आपलं आहे या हक्कानं तिचा त्रागा येतो. कमलाला तो हक्क कधी मिळालाच नाही, म्हणून तिच्याजवळ त्रागाही नाही.

आणि मला सर्वांत टोचतं ते पुढेच आहे. जयसिंगच्या लेखी ती आता गुलाम नाही. तिला त्यानं पुराव्यासाठी आणलं आहे. तिला मात्र हे कोणी सांगत नाही. पत्रकार परिषदेला तिला फाटक्या लुगड्यातच नेतात. तिथे तिला नको ते विचारून लोक हसतात. ही परिषद तेंडुलकर रंगमंचावर दाखवत नाहीत. जयसिंग आणि त्याचा मित्र जैन घरी येऊन रंगवून सांगतात, आणि दारूच्या भरात पुन्हा हसतात. बाजारातही चार माणसं तिच्याभोवती अशीच उभी असतील. मग ही बाई आपली जुनी सवय कशासाठी सोडील? सुटका झाली ती बातमीत. तिच्या वाट्याला आला आणखी एक मालक, आणि मग अनाथाश्रम. सरिता तिला ठेवून घेऊ पाहते. जयसिंग ऐकत नाही.

कमला जाते, पण तिचा हिशेब सरितापाशी राहतो. सातशे रुपये हा आकडा तिनं वेळ मारून नेण्यासाठी सांगितला होता. आता तो तिला खरा वाटू लागतो, आणि नवऱ्याचं घर बाजारासारखं दिसायला लागतं. ती बंड करायला उठते, तेवढ्यात जयसिंगची नोकरी जाते. कोसळलेल्या नवऱ्याला ती सावरते. आपल्या काकांना, काकासाहेबांना, ती सांगते की आपण गुलाम नसू असा दिवस येईल आणि त्यासाठी लागेल ते मोल देऊ. पण तो दिवस ती पुढे ढकलते. हा शेवट अनेकांना तडजोडीचा वाटतो. मला तो या नाटकातला सर्वांत निष्ठुर भाग वाटतो, कारण सरिता आता कमलाच्याच रीतीनं विचार करते आहे. आज हातात काय आहे ते पाहून तेवढंच उचलते आहे. फरक एकच: कमलानं न विचारलेला प्रश्न सरितानं विचारून ठेवला आहे.