सहभागाची शिडी आणि भाडेकरूंचा कारभार : एक परीक्षण

शेरी आर्नस्टीन यांचा ‘नागरिक-सहभागाची शिडी’ हा निबंध १९६९ साली अमेरिकेतील नगररचनाकारांच्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गृहवसाहतींच्या कारभारात भाडेकरूंना कितपत स्थान द्यावयाचे, या चर्चेत तेव्हापासून ही शिडी मोजमाप म्हणून वापरली जाते. ते मोजमाप कितपत भरवशाचे आहे, हे प्रत्यक्ष उदाहरणांवरून तपासून पाहणे इष्ट होय.

निबंधात सहभागाच्या आठ पायऱ्या कल्पिलेल्या आहेत. लोकांना हाताशी धरून वळविणे व त्यांच्यावरच ‘उपचार’ करणे या तळच्या दोन पायऱ्यांना लेखिका सहभाग मानीतच नाही. माहिती देणे, सल्ला घेणे आणि समजूत घालणे या मधल्या तीन पायऱ्या नाममात्र सहभागाच्या. भागीदारी, सोपविलेली सत्ता आणि नागरिकांचे नियंत्रण या वरच्या तीन खऱ्या सत्तेच्या. सत्तेची फेरवाटणी नसेल तर सहभाग हा पोकळ विधी ठरतो, हे या विवेचनाचे सार आहे. ‘सहभाग’ या गुळगुळीत शब्दाला त्यामुळे धार आली, हे श्रेय निर्विवाद आहे. सत्ताधारी काय किंवा वंचित काय, कोणताही वर्ग एकजिनसी नसतो, अशी कबुलीही लेखिकेने दिली आहे. तथापि ती कबुली उपपत्तीच्या मांडणीत मुरलेली नाही.

सेंट लुईस शहराचा अनुभव प्रथमदर्शनी या उपपत्तीस अनुकूल आहे. तेथील सार्वजनिक वसाहतींतील भाडेकरूंनी वाढत्या भाड्याविरुद्ध १९६९ साली भाडेबंदी पुकारली आणि ती अनेक महिने चालविली. पुढे १९७३ साली कार स्क्वेअर व डार्स्ट या वसाहतींचा कारभार भाडेकरूंच्या मंडळांकडे आला. सत्ता मिळाली ती सल्लामसलतीने नव्हे, संघर्षाने. परंतु या धर्तीवर १९७६ नंतर संघसरकार व फोर्ड प्रतिष्ठान यांनी अन्य शहरांत केलेल्या प्रयोगाचे मूल्यमापन झाले, तेव्हा भाडेकरूंचा कारभार सर्वसाधारणपणे पूर्वीच्या कारभाराच्या तोडीचा, मात्र अधिक खर्चाचा आढळला. त्याबरोबर रहिवाशांना रोजगार मिळाला, हाही लाभ नोंदला गेला. सत्ता हाती आली म्हणून दुरुस्तीस लागणारा पैसा आपोआप येत नाही. शिडीवर मात्र पैशाची पायरी नाही.

याहून गंभीर आक्षेप लंडनच्या केन्सिंग्टन व चेल्सी विभागाच्या अनुभवातून निघतो. १९९४ सालच्या नियमांनी इंग्लंडमधील स्थानिक संस्थांच्या भाडेकरूंना व्यवस्थापनाचा हक्क दिला. त्यान्वये १९९६ साली तेथे भाडेकरू-व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. अशा संस्था एरवी एखाद्या वसाहतीपुरत्या असतात; हिच्याकडे सबंध विभागातील घरे होती. संचालक मंडळात निवडून आलेले रहिवासी बसत. शिडीच्या हिशेबाने ही ‘सोपविलेली सत्ता’, म्हणजे सातवी पायरी होय. याच संस्थेच्या व्यवस्थापनाखालील ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी आग लागून ७२ माणसे मृत्युमुखी पडली. आगीच्या धोक्याविषयी काही रहिवाशांनी आधीच इशारे दिले होते. या अनर्थाची कारणे अनेक होती. ज्वालाग्राही आवरण, ते विकणाऱ्यांचा अप्रामाणिकपणा, शासनाची ढिलाई. परंतु संस्था व रहिवासी यांच्यात अविश्वास आणि वैरभाव माजला होता, असे चौकशी-समितीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात स्पष्ट नमूद आहे. भाडेकरूंच्या नावाने चालणारी संस्थाच भाडेकरूंचे ऐकत नव्हती. शिडी मोजते ते शासन व लोक यांच्यातील अंतर. लोकांची संस्था व एकेकटा रहिवासी यांच्यातील अंतर तिच्या मापात येत नाही.

मुंबईच्या संदर्भात तिची आणखी एक मर्यादा दिसते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरविली. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले. पुढे १९८६ साली गृहनिर्माण कायद्यात घातलेल्या आठ-अ प्रकरणाने, ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्थेद्वारे मागणी केल्यास, मासिक भाड्याच्या शंभरपट रकमेत उपकरप्राप्त इमारत संपादून त्या संस्थेस देण्याची तरतूद केली. मालकांनी तीस आव्हान दिले. त्या वादातून उद्भवलेल्या व्यापक घटनात्मक प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी नोव्हेंबर २०२४ मध्ये निर्णय दिला. येथे भाडेकरूपुढे उभा होता तो खाजगी मालक. आणि कायद्याने देऊ केली ती कारभारातील वाटणी नव्हे, तर मालकीच. ही तरतूद शिडीच्या माथ्यावर ठेवली, तरी मागणीत सामील नसलेल्या उरलेल्या रहिवाशांचे स्थान कोणते, हे शिडी सांगत नाही.

तात्पर्य, आर्नस्टीन यांची शिडी ढोंग उघडे पाडण्यास उपयुक्त, पण कारभार पारखण्यास अपुरी आहे. सत्ता किती, या तिच्या प्रश्नाला आणखी तीन प्रश्न जोडावे लागतील : सत्ता कोणत्या बाबींवर, कोणाच्या पैशावर, आणि आपल्याच संस्थेने कानावर हात ठेवले तर सामान्य भाडेकरूने दाद कोठे मागावयाची? यांतील तिसरा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे. कारण वरच्या पायरीवर पोहोचलेली संस्था पुष्कळदा तोच विसरते.