जात्याजवळचा दख्खन

दख्खनचा इतिहास म्हटला की तख्त आणि तलवारच आठवते. अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठात अध्यापन केलेले इतिहासकार रिचर्ड ईटन मात्र जात्यापाशी थांबले. विजापूरच्या सूफींवरील १९७८ च्या ग्रंथात त्यांनी दखनी बोलीतल्या ‘चक्कीनाम्यां’चा विचार केला. दळता दळता अल्लाहचे स्मरण करविणारी ही गीते म्हणजे आपल्या जात्यावरच्या ओवीची बहीणच. सूफींचा विचार गावोगावी पोचला तो या घरगुती वाटेने, हे त्यांचे प्रतिपादन मोलाचे आहे.

पुढे २००५ साली दख्खनचा सामाजिक इतिहास त्यांनी आठ व्यक्तींच्या चरित्रांतून मांडला. तिथे बंदेनवाज गेसूदराज, मलिक अंबर, तुकाराम आणि ताराबाई एकाच पुस्तकात नांदतात. प्रदेशाची ओळख कुणा एका धर्माची मालकी नव्हे, हे ईटन उपदेश न करता दाखवितात.

तरीही एक उणीव बोचते. आठांत स्त्री एकच, आणि तीही राणी. चक्कीनामेसुद्धा सूफींच्या लेखणीतून उतरलेले. मग दळणारी स्वतः काय गात होती? आपल्या आया-आज्यांच्या ओव्या अजून पुष्कळशा कागदावर उतरलेल्या नाहीत. ते काम परदेशी विद्वानाचे नव्हे, आपलेच आहे.