पाच तारे कुणाचे? ऑनलाइन रिव्ह्यू आणि शब्दप्रमाण

मागच्या दोन व्याख्यानांत आपण प्रत्यक्ष आणि अनुमान पाहिलं. आज शब्दप्रमाण, म्हणजे दुसऱ्याने सांगितलं म्हणून आपल्याला जे कळतं ते. ग्रंथातली नेहमीची उदाहरणं थोडी बाजूला ठेवतो आणि आमच्या मिक्सरपासून सुरुवात करतो.

आम्ही कुर्ल्याला, नेहरूनगरात राहतो. दिवाळीच्या तोंडावर घरातला जुना मिक्सर बंद पडला. मुलीने फोनवर दाखवलं, "बाबा, हा घ्या. साडेचार तारे आहेत, हजारो लोकांनी रिव्ह्यू दिलेत." घेतला. खोक्यात एक रंगीत कार्ड निघालं. पाच तारे द्या, स्क्रीनशॉट पाठवा, शंभर रुपये मिळवा. आणि मंडळी, मी दिले. तीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलेल्या माणसाने मिक्सरमध्ये एकदाही चटणी न वाटता 'उत्तम वस्तू' असं लिहिलं आणि शंभर रुपये घेतले. (हशा) हसा, पण तुमच्यातही माझे भाऊबंद असतील.

दोन महिन्यांत भांड्याखालचा कपलर झिजला. मोटर फिरते, पातं फिरत नाही. मग मनात आलं, त्या हजारोंमध्ये माझ्यासारखे किती असतील? आणि माझा रिव्ह्यू वाचून किती जणांनी तो मिक्सर घेतला असेल?

नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण तो आप्ताचा असेल तर. इथे आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनाने जी ओळख दिली आहे, तिच्यातून आपल्या कामाच्या दोन अटी निघतात. सांगणाऱ्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणलेली हवी, आणि जशी जाणली तशीच सांगायची त्याची इच्छा हवी. तो ऋषीच असला पाहिजे असं नाही. आर्य असो की म्लेच्छ, अटी त्याच. वैशेषिक आणि बौद्ध यावर म्हणतील, बोलणारा भरवशाचा आहे हे तरी तुम्ही अनुमानानेच ठरवता ना? मग शब्द वेगळं प्रमाण कशाला? वाद जुना आहे, आज सोडवणार नाही. पण फोनवरच्या अनोळखी माणसाच्या बाबतीत अनुमानाशिवाय आपल्या हाती काही नसतं, हे मान्य करावंच लागतं.

आता सरकारने काय केलं ते पाहू. भारतीय मानक ब्यूरोने 2022 च्या नोव्हेंबरात ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानक आणलं. आणलं तेव्हा ते ऐच्छिक होतं. रिव्ह्यू लिहिणारा खरा माणूस आहे का हे ईमेल, फोन वगैरेंनी तपासा, पैसे देऊन लिहून घेतलेले रिव्ह्यू छापू नका, असं ते सांगतं. चांगलं आहे, हवंच होतं. पण माझी टीका अशी की यातला सगळा भर दुसऱ्या अटीवर आहे. खोटारड्याला पकडायचं. पहिल्या अटीचं काय? माणूस खरा, खरेदी खरी, पैसे घेतलेले नाहीत, आणि तरी लिहितो काय, 'डिलिव्हरी वेळेत आली, रंग छान, पाच तारे.' हा गृहस्थ प्रामाणिक आहे. पण मिक्सरबद्दल त्याला काहीच माहीत नाही. त्याने खोक्याचा रिव्ह्यू दिलाय! अशा प्रामाणिक अज्ञानाला कुठलंही मानक अडवू शकत नाही. ते वाचणाऱ्यालाच ओळखावं लागतं.

कसं ओळखायचं? तारे मोजू नका, वाक्यं वाचा. वापरून किती दिवस झाले ते लिहिलंय का? 'भिजवलेली उडीद डाळ तीन मिनिटांत वाटली, पण मोटर तापते' असं लिहिणाऱ्याने बहुधा डाळ वाटलेली असते. एकाच दिवशी एकाच धाटणीचे वीस रिव्ह्यू दिसले तर थांबा. फार खूश आणि फार चिडलेली माणसंच जास्त लिहितात, म्हणून तीन ताऱ्यांचे आवर्जून वाचा. आणि रिव्ह्यू याच मॉडेलचा आहे ना ते बघा, कारण कित्येक ठिकाणी तीन-चार मॉडेलांचे एकत्र दाखवतात.

मी तो मिक्सर घेऊन कुर्ला पश्चिमेला स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने भांडं उलटं केलं आणि म्हणाला, "सर, याचे महिन्याला चार-पाच येतात." मंडळी, हा आप्त! रोज उघडून बघणारा. अर्थात नवा मिक्सर घेण्यापेक्षा दुरुस्त करा, यात त्याचाही फायदा आहे. म्हणून त्यालाही दोन प्रश्न जास्त विचारले. आप्त मानायचा म्हणजे विचारणं बंद करायचं, असं नव्हे.

इथे मुंबई ग्राहक पंचायतीची आठवण होते. 1975 साली ती सुरू झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करायचे, महिन्याचा माल एकत्र घ्यायचा आणि वाटून न्यायचा. अशा गटात डाळ वाईट निघाली तर सांगणारी बाई तीच डाळ शिजवून आलेली असते, आणि पुढच्या महिन्यात तिला त्याच लोकांना तोंड दाखवायचं असतं. म्हणजे ज्ञान आहे, आणि खरं बोलायला कारणही आहे. फोनवर ही दोन्ही आपोआप मिळत नाहीत. तारे खूप मिळतात.

शेवटी माझ्या रिव्ह्यूचं सांगतो. तो मी बदलला. दोन महिने वापर, कपलर झिजला, सुरुवातीचे पाच तारे पैसे घेऊन दिले होते, असं सगळं लिहिलं. शंभर रुपये परत करायची सोय मात्र त्या कार्डावर नव्हती. रिव्ह्यूंवर विश्वास ठेवावा का, असं तुम्ही विचारता तेव्हा मला आधी विचारावंसं वाटतं, तुम्ही शेवटचा कधी लिहिलात, आणि वस्तू वापरून लिहिलात का?

पुढच्या वेळी उपमान पाहू.