धोंडस, ‘रुचिरा’ आणि राहून गेलेले ‘का?’

विज्ञानाच्या मासिकात पाककृतींच्या पुस्तकाचे परीक्षण कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण प्रमाण, तापमान, वेळ आणि निरीक्षण या चार गोष्टी रोज एकत्र येतात त्या स्वयंपाकघरात. आपल्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या हाताशी तीच एक प्रयोगशाळा असते. तेव्हा तिथली प्रयोगपुस्तिका कशी आहे, हे तपासायला हवे.

कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि मराठी घराघरांत पोचले. त्याचे मोठे यश वाटी-चमच्याच्या मापात आहे. वाटी लहान असो वा मोठी, सारे जिन्नस तिनेच मोजले की गुणोत्तर कायम राहते. घरात तराजू नसला तरी अडत नाही. शेजारी जाणते माणूस नसतानाही नवशिक्याला पदार्थ जमू लागला. प्रयोग दुसऱ्याला पुन्हा करता यावा, ही विज्ञानाची अट या पुस्तकाने स्वयंपाकघरात आणली, हे आम्ही मोठे काम मानतो.

आमची तक्रार पुढची आहे. आपले पाकसाहित्य ‘किती’ सांगते, ‘कसे’ सांगते. ‘का’ मात्र बहुतेक वेळा सांगत नाही. राजापूरकडच्या घरांतील धोंडस घेऊ. पिकलेले तवसे किसायचे, भाजलेला तांदळाचा रवा, गूळ आणि ओले खोबरे घालून शिजवायचे, मग जाड बुडाच्या भांड्यात घालून खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवायचे. पाश्चात्त्य पद्धतीची भट्टी नसलेल्या घरातला हा केकच. खरपूस कड खरवडून खाण्यासाठी मुलांची भांडणे होतात.

आता ‘का’ विचारू. निखारे झाकणावर कशाला? नुसती खालून आच दिली तर वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि वरची बाजू ओलीच राहते. जिथे पाणी आहे तिथे तापमान सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. खरपूस रंग आणि वास देणाऱ्या रासायनिक क्रिया मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे वेगाने होतात. वरचे निखारे झाकण तापवतात, पृष्ठभाग सुकवतात, आणि मग तो तांबूस होतो. आत मात्र ओलावा राहतो, म्हणून धोंडस मऊ लागते.

ते केकसारखे फुगत का नाही? गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की ग्लुटेनचे लवचीक जाळे तयार होते व वायू धरून ठेवते. तांदळात ते नसते. इथे बांधणी होते ती पाणी शोषून फुगलेल्या स्टार्चमुळे, आणि त्यासाठी साधारण ६५ ते ७५ अंश तापमान लागते. राजापूरजवळ उन्हाळे येथे गरम पाण्याचा झरा आहे. त्यात तांदळाची पुरचुंडी ठेवली तर भात होईल का, हे वर्गात विचारावे. तिथे माणसे आंघोळ करतात, एवढ्या माहितीवरून मुले उत्तर काढू शकतील.

कारण कळण्याचा उपयोग काय? तवशात पाणी किती, हे प्रत्येक फळागणिक बदलते. अशा वेळी वाटीचे नेमके मापही फसते. रवा पाणी शोषतो, हे ज्याला ठाऊक आहे तो मिश्रण सैल दिसताच रवा वाढवतो. नुसती कृती पाठ केलेला अडतो. आजीच्या हाताला हे ज्ञान असते, पण ते शब्दांत उतरले नाही तर तिच्याबरोबरच जाते. उद्या हीच कृती ‘१८० अंशांवर ४० मिनिटे’ एवढीच उरली, तर पदार्थ टिकेल आणि समज हरवेल.

शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करावा. एकाच मिश्रणाचे दोन भाग करावेत. एकावर निखारे, दुसऱ्यावर नुसते झाकण. मुलांना रंग, वास, ओलावा यांची नोंद करू द्यावी. कोळशाच्या धगीतून विषारी कार्बन मोनॉक्साईड निघतो, म्हणून हे उघड्यावर आणि मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे. नोंदवह्या पुऱ्या झाल्या की दोन्ही भाग वाटून खावेत. घरी गेल्यावर प्रत्येकाने स्वतःच्या घरची एक कृती लिहून आणावी आणि तिच्यातील प्रत्येक पायरीपुढे ‘का?’ लिहावे. त्यांतल्या काहींची उत्तरे आई-आजीकडे मिळतील, उरलेली वर्गात शोधावी लागतील.